खोडलेला पूल

प्रिय दादा,

काल निकाल लागला आणि माझी पंधरा वर्षांची आमदारकी संपली. आज सकाळपासून ऑफिसातली कपाटं रिकामी करतोय. जुन्या फायलींत आपल्या नदीवरच्या पुलाचा आराखडा सापडला, आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो.

पूल मंत्र्यांनी नाकारला, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मंजुरी मिळाली होती. पण पुलाचा रस्ता आपल्या शेताला लागून जाणार होता. 'आमदाराने स्वतःच्या दारापर्यंत पूल नेला,' असं विरोधक म्हणाले असते. माझी पहिलीच टर्म होती, मी घाबरलो. मंजूर कामांच्या यादीतून तो पूल मीच माझ्या हाताने खोडला आणि दुसऱ्या तालुक्यातली शाळा घातली. पेपरात माझं कौतुकही झालं.

दोन वर्षांनी वहिनीला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा तिला दवाखान्यात न्यायला होडीच हवी होती आणि ती पलीकडच्या काठाला होती. होडी येईपर्यंत फार उशीर झाला. त्या दिवशी तूच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "तू तरी काय करणार? त्यांनी तुझं ऐकलंच नाही." मी नुसती मान हलवली. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत तू माझ्यासाठी दारोदार फिरलास.

काल हरल्यावर पहिला फोन तुझाच आला. "घरी ये. तुझी खोली झाडून ठेवलीय," एवढंच बोललास.

हे पत्र पोस्टात टाकलं, तर तुला ते एकट्याने वाचावं लागेल. म्हणून टाकत नाही. उद्या मीच येतो आणि दारात उभा राहून सगळं सांगतो. मग आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा धाकटा