अल्लीपूरच्या स्टँडवर

हिंगणघाट,
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. सुमतीताईस,
धनंजयचा सा. न. वि. वि.

ताई, फोनवर तू विचारलंस, काय झालं रे तुला, आणि मी सर्दी म्हणून सांगितलं. सर्दी नाही. हे फोनवर सांगणं होत नाही, म्हणून लिहितो आहे.

हरिभाऊ गेला हे तुला ठाऊकच आहे. इतकी वर्षं तो ड्रायव्हर, मी कंडक्टर, एकाच एसटीवर. त्याच्या डब्यातलं भरीत माझं, माझ्या डब्यातलं लोणचं त्याचं. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या की तो त्यांना हात जोडायचा, हे आपले साहेब आहेत म्हणायचा. गाडीतली म्हातारी माणसंही हसायची.

सगळे म्हणतात, चालत्या गाडीत छातीत कळ आली तरी जाता जाता त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला, एकाही प्रवाशाला खरचटलं नाही. ते खरंच आहे. पण त्याआधीचं कोणाला माहीत नाही. अल्लीपूरच्या स्टँडवर तो मला म्हणाला होता, धनंजय, छातीत जड जड वाटून राह्यलं, इथंच दाखवून येऊ का. डॉक्टर समोरच होता. त्या दिवशी आमच्या रोशनीला पाहायला पाहुणे येणार होते आणि वर्ध्याची फेरी उरकून मला घरी वेळेवर पोचायचं होतं. मी म्हणालो, गॅस झाला असंल, वर्ध्याले पोचून दाखवू, चाल, काढ गाडी. त्यानं काढली. माझा शब्द तो कधी मोडत नसे.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. वरून तेरवीच्या दिवशी त्याच्या घरच्या, शोभावहिनी, म्हणाल्या, अंगावर दुखणं काढायची त्याईची सवयच होती, तुमालेही काही सांगितलं नाई ना? मी मान हलवली, नाही म्हणून. ताई, हलवली मी मान. तेव्हापासून जो भेटायला येईल त्याच्यासमोर त्या हरिभाऊवरच चिडतात. हट्टी होता, बायकोले परकं समजला, म्हणतात. गेलेला माणूस माझ्यापायी शिव्या खातो आहे.

आता आगारातली मंडळी त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवतायत, महिनाभरानं. बोलायचं मी. काय बोलू?

भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, हे वाचून रागावलीस तरी असू दे.

तुझा,
धनंजय

अमरावती,
२६ जानेवारी २०२५

चि. धनंजयास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून तसंच, चालत्या गाडीत लिहिल्यासारखं. पण सगळं वाचलं. ह्यांना दाखवलं नाही.

त्या डॉक्टरकडे गेला असता तर हरिभाऊ वाचला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. मीही तुला उगीच धीर देणार नाही. ते तुला आता जन्मभर सोबत घेऊनच राहावं लागेल, बाबा.

पण शोभाकडे बघ. नवऱ्यानं शेवटपर्यंत आपल्याला काही कळू दिलं नाही, हे धरून ती बसली आहे. तिच्या जागी मी असते तर मला धड रडताही आलं नसतं. कार्यक्रमात चार लोकांसमोर तिला हे पहिल्यांदा ऐकायला लावू नको. आधी घरी जा, एकटा जा, आणि आढेवेढे न घेता सांग. ती हाकलेल. हाकलू दे.

रोशनीचं काय ठरलं? तिच्यावर हे ओझं टाकू नको, पाहुणे काही तिनं बोलावले नव्हते. आणि जेवत जा वेळेवर, फोनवर तुझा आवाज खोल गेल्यासारखा वाटतो. तू चुकलास म्हणून माझी माया आटत नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई

हिंगणी,
१२ फेब्रुवारी २०२५

श्री. धनंजयभाऊंना,
शोभाचा नमस्कार.

मी थोडे दिवस माहेरी आली आहे. पोरगा धीरजही सोबत आहे. तब्येत बरी.

त्या दिवशी तुमी घरी सांगायले आलते आन् मी तुमाले अंगणातूनच जा म्हटलं. त्याचं मले वाईट वाटत नाई. तुमी गेल्यावर लय रडली मी. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. धीरज घाबरून गेला होता.

तुमी सांगितलं, गाडी काढता काढता ते म्हणाले, वर्ध्याले पोचलो की शोभाले फोन लावून देजो. ते माया डोक्यातून जात नाई. म्हणजे मले सांगणार होते. तुमाले तर सांगितलंच होतं. आन् मी त्याईले काय काय बोलली, लोकाईसमोर, पोरासमोर! ते बोलणं आता वापस घेता येत नाई.

गाडी काढायले लावली, ती चूक कोणाच्याही हातून झाली असती. तुमाले काय माहीत होतं. पण तेरवीले मी तोंडानं विचारलं होतं तुमाले. तवा तुमी मान हलवली, ते मी विसरत नाई.

कार्यक्रमाले मी येईन. बोलायचं तुमीच, दुसऱ्या कोणाले सांगू नोका. हसवलेलंही सांगा, म्हशीचंही सांगा. आन् अल्लीपूरच्या स्टँडवर काय झालं तेही सांगा, सगळ्याईसमोर. माया माणसानं दुखणं लपवलं नव्हतं, हे लोकाईले कळलं पाहिजे. तुमाले जड जाईल, मले समजते.

लोभ असावा, असं आज माझ्यानं लिहिणं होत नाई. मी पहिल्या रांगेत बसीन. बोलताना खाली पाहू नोका, मायाकडं पाहून बोला.

शोभा