धाडच्या लोहाराचे वेज

बुलढाणा,
दसऱ्याचा दुसरा दिवस, सन १९६१

परममित्र वामनराव यांना,

उकंडरावाचा दसऱ्याचा नमस्कार. सोनं म्हणून आपट्याची दोन पानं पाकिटात घातली आहेत. टपालात त्यांचा चुरा झाला असला तर चुराच डोक्याला लावा आणि सोनं मिळालं असं माना. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही अमरावतीचं पाणी बाधल्याचं लिहिलं होतं, तेव्हा पाणी उकळून प्या आणि सूनबाईंना त्रास नको म्हणून गार पिऊ नका, त्यानं त्रास वाढतोच. चिरंजिवांना आशीर्वाद. इकडे आमच्या आईसाहेब मनकर्णाबाई शहात्तराव्या वर्षीही ठणठणीत आहेत. दात गेले, पण नजर आणि कान पहिल्यासारखेच शाबूत आहेत (घरात राहणाऱ्याला हे किती महागात पडतं ते पुढे येईलच). त्या तुमची आठवण काढतात. गेले दोन दिवस जरा जास्तच काढतात.

आता मुख्य बातमी. बसून वाचा. आपण जिंकलो, वामनराव. अकोल्याची गोल्फमंडळी आठ वर्षं आपल्या मैदानावर येऊन, आपल्याला हरवून, वर आपलाच चिवडा खाऊन जात होती. परवा ती हरून, चिवडा न खाता गेली. कप माझ्यासमोर टेबलावर आहे. अगदी लहान आहे, आत एक पेला चहा मावतो (मावला, मी पिऊन पाहिला), पण आहे. तुम्ही अमरावतीला निघताना एस.टी.च्या खिडकीतून मला म्हणाला होतात की उकंडराव, हत्यार बदलू नका, हात सुधारा. म्हणूनच हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे, कारण हत्यार बदलूनच जिंकलो, आणि हे तुम्ही नीट वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

यंदा जिंकणं का भाग होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. मैदानाचा करार या वर्षी संपत होता. म्युनिसिपल कमिटीपुढे अर्ज घेऊन आम्ही तिघेही गेलो, मी, आपले ढोरांचे डॉक्टर शंकरराव आणि किसनराव पाटील. तिथे एका मेंबरानं विचारलं, "गोरा साहेब गेला, मंग त्याचा खेळ काऊन ठेवून राह्यले तुम्ही?" दुसरा म्हणाला की तीन म्हातारे आणि चाळीस गायी यांच्याशिवाय त्या जागेवर कोणी दिसत नाही, त्यातही गायी जागेचा उपयोग तरी करतात. शेवटी अध्यक्ष दयाळूपणे म्हणाले की एक तरी कप आणून दाखवा, नाहीतर कार्तिकापासून जागा गवताच्या लिलावात जाईल. किसनरावांना शेती आहे, शंकररावांकडे अजून लोक बैल घेऊन येतात. माझं काय? मोजणी खात्यातून पेन्शन झाली, आणि तुमची विमलवहिनी गेल्यापासून सकाळी सहा वाजता त्या घरात बसवत नाही मला. मैदानावर गेलो की दोन तास बरे जातात. हे मी कमिटीसमोर बोललो नाही, तुम्हाला लिहितो आहे.

आपला सगळा घात वेजमध्ये, खड्ड्यातून चेंडू उचलायच्या त्या तिरप्या पात्याच्या काठीत, होता हे तुम्हीही नाकारणार नाही. लांबचा फटका आपण अकोलेकरांच्या बरोबरीनं मारतो, पण चेंडू खड्ड्यात गेला की आपला कारभार आटोपला. साहेबानं जाताना दिलेले तीन वेज झिजून झिजून ताटासारखे गुळगुळीत झाले होते. चेंडू खालून उचलून वर उडवायचा तर तो साप दिसल्यासारखा जमिनीलगत सरपटत पळायचा. एकाच्या मानेला तर तुम्हीच तार गुंडाळलेली. मुंबईला पत्र टाकलं तर उत्तर आलं की परदेशी माल बंद आहे. तेव्हा मी एक जुना वेज पिशवीत घातला, एस.टी. पकडली आणि बाजाराच्या दिवशी धाड गावी तुळशीराम लोहाराकडे गेलो. (कंडक्टरनं हे काय आहे विचारलं. मी गोल्फचा वेज म्हणून सांगितलं. त्यानं ते हत्यार सीटखाली सरकवायला सांगितलं आणि लोकांचे पाय जपायला बजावलं.)

तुळशीराम मोठा हुशार माणूस. त्यानं वेज उलटासुलटा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "जमीन कोणती?" वामनराव, पंधरा वर्षं आपण खेळतो आहोत, पण हा प्रश्न आपल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. मी म्हटलं, वर मुरूम, खड्ड्यात काळी माती. तो म्हणाला की मग हे विलायती पातं इथे चालणारच नाही, काळ्या मातीला धार पुढे पाहिजे आणि बूड जड पाहिजे, जसं खुरप्याला असतं. ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा त्याच्याकडे पडला होता, त्यातून त्यानं तीन पाती काढली आणि धावड्याच्या लाकडाचे दांडे बसवले. चेंडू उडवायचा म्हणजे किती उंच असं त्यानं विचारलं. मी हात वर केला. त्यानं माझ्या हाताकडे पाहून पात्याचा तिरपेपणा ठरवला.

मग सुरू झाली मतं. पहिल्या दिवशी किसनरावांनी नवा वेज उचलला, एक फटका मारला, पायलीभर माती उडवली आणि चेंडू जागेवरच राहिला. त्यांचं मत पडलं की हा वेज नाही, वखर आहे, याला बैल जोडा. दुसऱ्या दिवशी त्यांचा एक चेंडू सुरेख उडून नेमका भोकाजवळ पडला, तेव्हा मत पडलं की पाटलाच्या हाताला असंच वजनदार हत्यार लागतं, जुने वेज म्हणजे चहाचे चमचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा वखर. शंकररावांचं तसं नाही. त्यांनी वेज बैलासारखा तपासला. पाठीवरून हात फिरवला, मान दाबून पाहिली, थोडा चालवून पाहिला आणि सांगितलं की जनावर चांगलं आहे पण नवखं आहे, पुढच्या अंगाला भार जास्त आहे, महिनाभर सवय लावा आणि मगच जुंपा. सामन्याला अकरा दिवस राहिले होते. मी नव्यांच्या बाजूनं ठाम होतो, कारण धाडला मी गेलो होतो. रोज सकाळी मैदानावर खेळ तासभर आणि वाद दीड तास होऊ लागला. एकदा तर गुराख्याचंही मत घेतलं. त्यानं सांगितलं की दोन्ही हत्यारांनी तुमचा चेंडू माझ्या गायीलाच लागतो. अखेर असं ठरलं की नवे वेज तुळशीरामाकडे पाठवून बूड थोडं हलकं करून आणावं, जुने माझ्या घरी तयार ठेवावे, आणि सामन्याच्या सकाळी काय ते ठरवावं.

पण सामन्याचा दिवस अकोलेकरांनी सुट्टी पाहून ठरवला होता, आणि ती सुट्टी निघाली खंडेनवमीची. हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. पहाटे उठून पाहतो तर आईनं घरातलं झाडून सगळं लोखंड देवापुढे मांडलेलं. विळी, कुऱ्हाड, खलबत्ता, माझी मोजणीची साखळी, आणि त्यांच्या शेजारी हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून, आपले तिन्ही जुने वेज. पूजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही. मी म्हटलं, आई, ते खेळण्याचे आहेत. ती म्हणाली, "पंधरा वर्षं माती खांदून राह्यला तू त्यानं, मंग हत्यारच झालं ना ते?"  तेवढ्यात पहिल्या गाडीनं तुळशीराम आला, खांद्यावर पोतं आणि पोत्यात नवे वेज. त्याचे स्वतःचे ऐरण-हातोडा घरी पूजेत होते, पण पोत्यातल्या मालाला कोणी कुंकू लावलं नव्हतं. जी गोष्ट आम्हाला पंधरवडाभर ठरवता आली नाही ती आमच्या आईनं एका चिमूटभर कुंकवात ठरवून टाकली. (इतर काठ्या किसनरावांकडे होत्या, आणि त्यांच्या घरी सगळे उठून पूजा व्हायला नऊ वाजून जातात, म्हणून त्या वाचल्या.)

सामन्याचं काय सांगू? शंकररावांनी दोनदा चेंडू खड्ड्यातून असा काढला की जणू गायीचं अडलेलं वेत सोडवलं. किसनरावांनी तीनदा मैदान नांगरलं, पण चौथ्यांदा चेंडू उडाला आणि अकोल्याच्या कप्तानाच्या टोपीवरून जाऊन भोकाच्या हातभर अलीकडे थांबला. आठ भोकं झाली तेव्हा दोन्ही पक्ष बरोबरीत होते. नवव्याला माझा चेंडू नाल्याच्या काठच्या त्या खळग्यात गेला. तुम्हाला तो खळगा आठवत असेल, तुम्ही तिथे एकदा अकरा फटके मारले होते. मी पिशवीसकट आत उतरलो. वरून फक्त माझी टोपी दिसत होती. कार्तिकात सकाळी उठून कुठे जायचं हे त्या एका फटक्यावर होतं. फटका मारला. चेंडू वर गेला, भोकाभोवतीच्या तेल घालून चोपलेल्या रेतीवर अलगद पडला आणि चालत चालत भोकात गेला. मी हातात तुळशीरामाचा वेज उंच धरून वर आलो.

वामनराव, मी साठीच्या घरातला माणूस, पण किसनरावांनी मला उचललं. शंकरराव डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते. अकोल्याच्या कप्तानानं वेज हातात घेतला, पात्यावर अंगठा फिरवला आणि तिथेच तुळशीरामाला तीन वेजचा एक संच बनवायला सांगितला. तुळशीरामाला आम्ही फेटा बांधला, नारळ दिला. काल सोनं द्यायला गेलो तेव्हा अध्यक्षांनी कप स्वतःच्या हातात घेऊन पाहिला आणि पाच वर्षांचा करार करून देतो म्हणाले. ज्या मेंबरानं गोऱ्या साहेबाचं काढलं होतं तो आता मला विचारतो की हे शिकायला किती दिवस लागतात. किसनरावांचं मत कायमचं बदललं आहे. ते म्हणतात की नव्या वेजची कल्पना मुळात त्यांचीच होती.

तेव्हा हात सुधारा वगैरे उपदेश आता अमरावतीतल्या लोकांना करा. इकडे हत्यार सुधारलं आहे. गुडघ्याला तिळाचं तेल लावा, फार वेळ मांडी घालून बसू नका, आणि मित्राच्या आनंदात आनंद माना.

तुमचा
उकंडराव (कप्तान)

ता. क. शंकररावांनी तुमच्या गुडघ्यासाठी एक मलम दिलं आहे, वेगळं पाठवतो. डब्यावर बैलाचं चित्र आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

ता. क. दुसरा. हे एकट्यानं वाचा, अन् सूनबाईले वाचून दाखवू नका. खरं सांगतो, आपल्या बोलीतच सांगतो, शुद्ध भाषेत मले सांगवत नाही. तो शेवटचा फटका तुळशीरामाच्या वेजचा नव्हता. पहाटे पूजा आटपून आई सैपाकघरात गेली तवा मी देवापुढून तुमचा तो तारवाला वेज उचलला अन् पिशवीच्या तळाशी घातला. खेळाचा इचार नव्हता, नुसता जवळ असू द्या म्हणलं. पण खळग्यात उतरलो अन् नवा हातात धरला तं हातच चालेना. जीव घाबरला होता हो. मंग जुना काढला, मारला, पुन्हा तळाशी घातला अन् नवा उंच धरून वर आलो. कोणालेच माहीत नाही. आता सांगतलं तं तुळशीरामाचा फेटा उतरते.

ता. क. तिसरा. पत्र खरं तं याच्याचसाठी लिहिलं. संध्याकाळी मी वेज परत देवापुढे ठेवला, पण त्याच्यावरचं कुंकू गेलं होतं अन् पात्याले काळी माती चिकटून होती. आईनं पाह्यलं. पूजेतलं हत्यार कोणी उचललं म्हणून इचारलं. माह्या तोंडून निघून गेलं, वामनरावानं. अकोल्याच्या गाडीत बसून सामना पाह्याले आले होते, त्यायनं उचलला, अन् त्याच गाडीनं परत गेले. मले वाटलं, तुमच्यावर तिचा जीव आहे, तुम्हाले माफ करीन. वेजचं तिनं माफ केलंही. पण वामन बुलढाण्याले आला, माह्या देवापर्यंत आला, अन् मले न भेटता, न जेवता गेला, याच्यासाठी दोन दिवसांपासून डोळे पुसून राह्यली. माह्यानं ते पाह्यवत नाही. तवा दिवाळीले या, तिच्या पाया पडा, चुकलं म्हणा, अन् चार दिवस तिच्या हातचं पोटभर जेवा. येऊन माह्या तोंडावर म्हणा का हत्यार बदलाले नव्हतं पाहिजे, मी एक शब्द बोलणार नाही. सकाळी सहाले आपण दोघं मैदानावर जाऊ.