आईच्या दुखण्याचं कारण

पिंपरी,
१७ नोव्हेंबर १९५७

प्रिय सावू,

अक्षर ओळखून हे पत्र चुलीत टाकू नकोस. आधीची चार मीच फाडली, हे पाचवं. रहाटणीपासून तुझं महाळुंगे पंधरा-सोळा मैल, तरी तेरा वर्षांत तुला एक ओळ धाडली नाही. आणि आता लिहायला बसलो तर दर दोन वाक्यांनी उठून दारापर्यंत फेरी मारून येतोय.

दोन वर्षांपासून मी पिंपरीत डॉक्टर गौहर सय्यद यांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. बाई पुण्यात शिकलेल्या, वयानं माझ्याएवढ्याच असतील. सुरुवातीला गावच्या बायासुद्धा त्यांच्याकडे यायला बिचकायच्या. आता कॅम्पातले निर्वासित, देहूरोडच्या डेपोतले कामगार, आपल्या रहाटणीची माणसं, सगळे येतात. त्यात काही रोगी असे, की महिनोन्महिने शौचावाटे रक्त जातं, पोटात कळा, अंग वाळून गेलेलं. त्याला सगळीकडे आमांश म्हणतात आणि एमेटिनची इंजेक्शनं देतात. बरेचजण बरे होतात. थोडे होत नाहीत, आणि मायक्रोस्कोपखाली त्यांच्यात आमांशाचा जंतूही दिसत नाही. "मग हे आहे तरी काय, ज्योतीराम?" असं बाई मलाच विचारायच्या. विलायती पुस्तकांत आतड्याच्या अशा जुनाट दाहाचं वर्णन आहे, पण आपल्याकडे तो होत नाही, असं पुण्यातले मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले. बाईंना ते पटलं नाही. त्यांनी एक रजिस्टर सुरू केलं आणि दर रविवारी टांगा करून आम्ही अशा रोग्यांच्या घरी जाऊ लागलो. पाणी कुठलं, दूध कुणाकडचं, खाणं काय, दुखणं कधी सुरू झालं, घरात आणखी कुणाला आहे का, हे सगळं विचारायचं आणि लिहायचं.

मला वाटायचं, एवढे प्रश्न कशाला? कारण पाणीच. मी प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचो, वर चिठ्ठी चिकटवायचो. पवनेचं पाणी, ओढ्याचं पाणी. कुणी म्हणालं, आम्ही उकळून पितो, तर त्याच्याशी वाद घालायचो. बाई एकदा रागावल्या. "तुम्ही उत्तर आधी ठरवून मग प्रश्न विचारता. तुम्हाला ते पाणीच असायला हवंय. का?" त्या रात्रीपासून माझी झोप उडाली, ती अजून नीट आलेली नाही.

गणपतीच्या आधी आम्ही रहाटणीत मंजुळाबाईंकडे गेलो. वर्षभर त्यांना रक्त पडत होतं. त्यांच्या घरची दहा माणसं एकाच विहिरीचं पाणी पितात; सासू, जावा, पोरं सगळी ठणठणीत. मात्र त्यांचा सख्खा भाऊ देहूरोडला क्वार्टर्समध्ये राहतो, नळाचं पाणी पितो, आणि त्याला हेच दुखणं. बाई लिहायला लागल्या तशा मंजुळाबाईंनी त्यांचा हात धरला. "भावाचं लिवू नगा, बाई. माझ्या पोरीचं लगीन ठरलंय माघात. रक्तातलं दुखनं हाय म्हनून बोभाटा झाला, तर कोन करील तिला?" बाईंनी दोघांची नावं खोडून नुसते आकडे घातले आणि ते पान मंजुळाबाईंना दाखवलं. परतताना टांग्यात मी पुन्हा विहिरीचाच हेका धरला. "मग सासूबाईंना का नाही?" एवढंच त्यांनी विचारलं.

आतापर्यंत असे एकतीस रोगी सापडले. त्यातल्या सातांच्या सख्ख्या नात्यात दुसरा रोगी आहे. बाईंनी निबंध लिहून मुंबईला पाठवला. रोगी फार थोडे आहेत, म्हणून तो परत आला. त्या खचल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, "रक्तात काहीतरी असावं, आणि बाहेरचं काहीतरी त्याला जागं करत असावं. घोटभर पाण्यानं हे होत नाही. पण बाहेरचं ते काय, हे मला अजून माहीत नाही." एवढं शिकलेलं माणूस 'मला माहीत नाही' म्हणतं, आणि मी सातवी पास, चोवीस वर्षांचा असताना, किती खात्रीनं बोललो होतो.

त्या वैशाखात विहीर आटली होती आणि तू ओढ्यावरून घागर आणलीस. तेरा वर्षांची होतीस तू. महिन्याभरात आई गेली. तेराव्याला भावकी बसली असताना मी तुझ्याकडे बोट करून म्हणालो, "हिनं ओढ्याचं पाणी पाजून आईला मारलं." तू रडलीसुद्धा नाहीस. पुढच्याच वर्षी तुला उजवून टाकलं. ना मी कधी तुला माहेरी आणायला आलो, ना भाऊबीजेला.

परवा आईची माहिती मी रजिस्टरासारखीच कागदावर लिहून काढली. दुखणं कधी सुरू झालं, या प्रश्नाशी हात थांबला. दिवाळीपासून. ओढ्याच्या घागरीच्या आधीची दुसरी दिवाळी, म्हणजे दीड वर्ष आधी. तिचं रक्त पडलेलं लुगडं मी तेव्हाच पाहिलं होतं. खेडचा मामाही याच दुखण्यानं गेला होता. सगळं मला ठाऊक होतं, सावू. पण आई गेल्याच्या दोषाला कुणीतरी धनी हवा होता, आणि तू समोर बसली होतीस.

मग काल रहाटणीला जाऊन, त्या दिवशी तिथं असलेले जेवढे हयात आहेत तेवढ्यांना गोळा केलं आणि मी खोटं बोललो होतो हे सांगितलं. बबनकाका म्हणाले, "आता कशाला उकरतूस?" गोजाआत्या मात्र रडायला लागली. "आमीबी पोरीला इचारलं न्हाई," म्हणाली.

माफी मागतो. पण केवळ त्यासाठी लिहीत नाही. तेवढं धैर्य तेरा वर्षांत झालं नव्हतं, ते आताही झालं नसतं. श्रावणापासून मलाही रक्त पडतंय. बाईंनी नळी घालून पाहिलं. तेच आहे. जिवाला लगेच धोका नाही म्हणाल्या. मग त्यांनी रजिस्टर उघडून मलाच विचारलं, "बहीण-भाऊ?" मी एक बहीण आहे म्हणालो. "तिची तब्येत कशी आहे?" मला सांगता आलं नाही. बाईंनी ती जागा मोकळी ठेवली आहे. तुला किंवा मुलांना असं काही होत असेल तर लपवू नकोस, वेळ घालवू नकोस. चाकणची एस.टी. नाशिकफाट्याला थांबते, बाई सकाळी दवाखान्यात असतात, आणि तुला मी समोर नको असेन तर दिवस कळव, त्या दिवशी मी तिथं थांबणार नाही. असं दुखणं नसेल तर कार्डावर 'निरोगी' एवढा एकच शब्द लिही. खाली नावही घालू नकोस. तुझं अक्षर मला ओळखता येईल.

तुझाच,
ज्योतीरामदादा