अभिनवचा हातपंप

ॲरोटाउन, १२ मार्च २०१७

प्रिय उर्मिला,

मी इथे ठणठणीत आहे. तुझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?

अभिनवने प्लास्टिकच्या पाइपात दट्ट्या बसवून हातपंप केलाय. ओढ्यातल्या दगडांच्या फटींतली वाळू त्याने ओढून घ्यायची, धुवायची आणि सोनं शोधायचं. छंद आहे म्हणतो. पण ऑफिसचे बूट कपाटात आणि गमबूट रोज ओले, तेव्हा मला शंका आली.

मंगळवारी मी त्याच्या मागोमाग ओढ्यावर गेलो.

“नोकरी गेली का रे?”

“दोन महिने झाले, बाबा. आईला सांगू नका.”

मग मी पाइप धरला, त्याने दट्ट्या ओढला. संध्याकाळपर्यंत मोहरीएवढा एक कण मिळाला.

तुला कळलंय हे त्याला जाणवू देऊ नकोस. फोनवर सोन्याचीच चौकशी कर.

तुझा,
दिगंबर