बारा बादल्या साबुदाण्याची विल्हेवाट

उपास म्हणजे न खाणे, की वेगळे खाणे? याचे उत्तर मला देता येत नाही, आणि माझी बरीचशी मालमत्ता याच प्रश्नातून निर्माण झाली आहे.

मी, ऋता राजीव शेटे, वय चोवीस, राहणार प्लेनो, टेक्सस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहिते. (आई आतून "अगं, भरल्या घरात काय अभद्र लिहितेस!" असे ओरडते आहे. तो दबाव धरू नये.) आमचे शेजारी बिशप हॅन्सेन यांनी त्यांच्या मॉर्मन चर्चमध्ये मंदीत तग धरण्यासाठी वर्ग घेतला: कर्ज टाळा, वर्षाचे धान्य साठवा, मृत्युपत्र करून ठेवा. घरातली पहिली पदवीधर असल्याने गृहपाठ अर्धा ठेवणे मला शोभत नाही.

१. पदवीचे प्रमाणपत्र बाबांना. ते आधीच देव्हाऱ्यात आहे. हळदकुंकू कडेला लावावे; सध्या माझे नाव वाचता येत नाही.

२. लॅपटॉप धाकट्या वीरला. "ताई, इट्स सो ओल्ड," असे तो म्हणाल्यामुळे चार्जर आईला.

३. बारा बादल्या साबुदाणा. खुलासा: हॅन्सेन म्हणाले होते, "महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उपास करतो. दोन जेवणं सोडतो, ते अन्न गरजूंना जातं." उपासासाठी आमच्याकडे जे भरतात, ते मी वर्षभराचे भरले. पहिल्याच रविवारी त्यांच्याकडे खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याची आमटी नेली. त्यांनी विचारले, "उपास सुटला का?" बाबा म्हणाले, "छे हो बिशपसाहेब, आत्ता तर सुरू झालाय!"

४. रीमाकाकूंना क्षमा. बाबा कामाला होते ते रेस्टॉरंट बंद पडले, तेव्हा त्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "आता चर्चचं खाता का?" बाबाही आधी मदत घेईनात, "आम्ही मजेत आहोत," एवढेच म्हणत. हॅन्सेन म्हणाले, "फुकट नाही, राजीव. चर्चच्या धान्यकोठारात काम करा." बाबांनी तिथे दिवसभर बटाटे निवडले आणि धान्याचा खोका वरातीसारखा मिरवत घरी आणला. काकूंना क्षमा आहे, खिचडीची कृती नाही.

५. बिशपपदाला पगार नसतो, आणि गेल्या महिन्यात हॅन्सेन यांची कंपनीतली नोकरी गेली. गल्लीभर खोके पोचवणारा हा माणूस स्वतःच्या दारात एकही उतरवत नाही. विचारले की म्हणतो, "आम्ही मजेत आहोत." हे वाक्य आमच्या घरात ओळखीचे आहे.

म्हणून कलम तीनमधल्या बादल्या माझ्या मरणाची वाट पाहणार नाहीत. आज सकाळी मी आणि बाबांनी त्या हॅन्सेन यांच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. ते "नको, नको" म्हणू लागले, तेव्हा बाबा म्हणाले, "फुकट नाही, बिशपसाहेब. काम करा." या क्षणी ते आमच्या ओट्याशी उभे राहून भाजलेल्या दाण्यांची साले काढत आहेत.

सही: ऋता राजीव शेटे
साक्षीदार: १. रीमा वर्तक (कलम चार वाचले. कृती मला येते.) २. अनीश वर्तक
प्लेनो, १ मार्च २०२५