बुधवारचं जहाज

प्रिय ठमे,

फोन सोडून बाबांना हे काय सुचलं, असं वाटेल तुला. रविवारी तुझा फोन आला की आई तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने लावते आणि मध्येच उभी राहते. तिच्यासमोर हे बोलता येणार नाही, म्हणून क्रेनच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. आज वेळच वेळ आहे. खाली धक्का रिकामा आहे.

एकतीस वर्षं या काचेच्या जमिनीवर पाय रोवून, दोन गुडघ्यांमधून खाली बघत मी कंटेनर उचलले. त्यात मान कायमची वाकडी झाली. पण बुधवारचं जहाज आलं की दुखणं विसरायचो. त्याचा खानसामा डेकवर येऊन माझ्याकडे बघून झारा हलवायचा. आम्ही आयुष्यात एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, तरी तो सुटीवर गेला की मला चुकल्यासारखं व्हायचं.

तुमच्या जहाज कंपनीने बाकीच्या दोघींशी हातमिळवणी केली, तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलो मीच. जन्मभर एकमेकींना पाण्यात बघणाऱ्या तीन कंपन्या, आणि आता एकाच जहाजावर लाल, निळे, हिरवे डबे शेजारी शेजारी! तू फोनवर समजावलं होतंस, कंपन्या वेगळ्याच राहणार, गिऱ्हाइकं आपापली, जहाजं तेवढी वाटून घ्यायची. मी ते जेवणाच्या सुटीत सगळ्यांना असं ऐकवलं, जणू करार मीच लिहिलाय. डब्यांची मोजदाद ठेवणारा आमचा टॅली क्लार्क म्हणाला, "तीन जहाजांचा माल एकात मावला, तर उरलेली दोन काय करणार?" मी ते हसण्यावारी नेलं. तो बरोबर होता गं.

आधी जहाजं मोठी झाली. मग ती आपल्या उथळ बंदरात शिरेनात. मग पत्रक आलं की बुधवारची फेरी बंद, तिन्ही कंपन्यांचा माल शेजारच्या बंदरात उतरणार, तिथून ट्रकने येणार. चारांपैकी दोन क्रेन थांबल्या. डबे साखळ्यांनी बांधणारे चाळीस कंत्राटी कामगार पहिल्याच आठवड्यात घरी बसले. गेटवरच्या चहावाल्या मावशींनी मोठं पातेलं धुऊन उलटं घातलंय. माझी दोन वर्षं उरलीत, म्हणून मला कुणी हात लावला नाही. त्याचीही लाज वाटते.

गेल्या सोमवारी युनियनचा सेक्रेटरी, टॅली क्लार्क आणि आणखी पाच-सहा जण घरी आले. आईने खुर्च्या कमी पडल्या म्हणून पलंगावर बसवलं. सेक्रेटरी, जो मॅनेजरलाही अरे-तुरे करतो, तो माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "तुमची लेक तिथे वर बसते. तिच्या कानावर घाला. पंधरा दिवसांतून एक फेरी तरी द्या म्हणावं." आई लगेच म्हणाली, "ती करेल हो! बापाच्या शब्दाबाहेर नाही ती." मी मान खाली घालून बसलो. त्यांना वाटलं, मला भरून आलंय.

ठमे, ते पत्रक दोन पानी होतं. पहिलं पान गेटवर लागलं. दुसरं फोरमनच्या टेबलावर मी आधी बघितलं. 'बंदरनिहाय फेररचना' आणि खाली तयार करणाऱ्याच्या जागी तुझं नाव. मी ते घडी घालून खिशात टाकलं. मग मला उमगलं, गेले चार महिने तू दर रविवारी माझ्या मानेची चौकशी का करायचीस आणि कामाची का नाही.

रागावलो. दोन दिवस खूप रागावलो. मग वाटलं, तुझ्यापुढे आकडे आले असतील, पाण्याची खोली कमी, माल कमी, आणि आपलं बंदर त्यात कुठेच बसत नसेल. तू नाही म्हणाली असतीस, तर शेजारच्या टेबलावरच्याने तेच लिहिलं असतं. हे मला कळतं. पण टॅली क्लार्कला कसं सांगू? काल त्याने विचारलं, "लिहिलंत का लेकीला?" मी हो म्हणालो. तेव्हा लिहिलं नव्हतं.

आता खरं सांगतो. पुढच्या महिन्यात दहा दिवस येते म्हणालीस ना, येऊ नकोस. तू आलीस की ते सगळे पुन्हा येतील, पलंगावर बसतील, तुला विचारतील, आणि तू खरं सांगून टाकशील. तेव्हा मला त्यांच्यासमोर तुझी बाजू घेता येणार नाही, आणि तुझ्यासमोर त्यांची. आईने तुझ्या खोलीचे पडदे धुऊन लावलेत. रजा रद्द झाली, एवढंच तिला सांग. खोटं बोलायला तू कच्ची आहेस, ठाऊक आहे मला; पण फोनवर तिला तुझा चेहरा दिसत नाही.

तुझाच,
बाबा