पेशीवर दहा मिनिटं

३ फेब्रुवारी १९८८, पाथरी
परभणीच्या रेडिओ केंद्रानं भाषणाला बोलावलं. विषय मीच सुचवला होता: पेशीतील प्रथिनांची वाहतूक. वेळ दहा मिनिटं. या विषयावर बोलू शकेल असा झूऑलॉजीचा दुसरा लेक्चरर जिल्ह्यात नाही. (चौकशी केलेली नाही. गरज नाही.)
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून लिखाण.
ताडकळसला दादांना, म्हणजे वडिलांना, निरोप धाडला. मी डॉक्टर न होता बेडूक फाडणारा मास्तर झालो, म्हणून ते माझ्याशी गरजेपुरतंच बोलतात. आता सगळ्या गावासोबत ऐकतील.

४ फेब्रुवारी, सकाळी ८
गजर झाला नाही. झाला असल्यास हळू झाला.

७ फेब्रुवारी
एक वाक्य झालं. पण काय वाक्य! ‘अंतःप्रद्रव्यजालिकेत संश्लेषित प्रथिने गॉल्जी संकुलात वर्गीकृत होऊन आवरणयुक्त पुटिकांमध्ये समाविष्ट होतात.’ रुख्मिणीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, हे जेवायच्या आधी म्हणायचं का नंतर.
बायकोला सायन्सची गोडी नाही. सहन करतो.

११ फेब्रुवारी
परभणी. कार्यक्रम अधिकारी वाघमारे मॅडमना स्क्रिप्ट दाखवलं. पहिल्याच पानावर थांबल्या. पुटिका म्हणजे काय, विचारलं. सांगितलं, पडद्याची इवलीशी पिशवी. पेशीत तयार झालेली कितीतरी प्रोटीन्स अशा पिशव्यांतून जातात. कोणतं कुठं जायचं हे कसं ठरतं, पुढचा प्रश्न. म्हटलं, प्रोटीनवर खूण असते, कधी साखरेची. पडद्यातला रिसेप्टर आपल्या खुणेचं तेवढं धरतो, पडदा तिथंच फुगतो, पिशवी सुटून निघते. खूण बसली नाही तर कचरा पचवणारी प्रोटीन्स पेशीबाहेर पडतात, आत कचरा साठत जातो, लेकरू जन्मापासून आजारी राहतं.
“सर, मग हेच लिहा की,” मॅडम म्हणाल्या.
बसमध्ये पाथरीपर्यंत राग गेला नाही. हेच लिहायचं तर एम.एस्सी. कशाला केलं? शास्त्राची पातळी उतरू देणार नाही.

१६ फेब्रुवारी
नामांतराच्या मोर्चामुळे एसटी बंद. रेकॉर्डिंग पुढं ढकललं. फार वाईट वाटलं. स्क्रिप्ट अर्धंच झालेलं होतं, त्याचा इथं संबंध नाही.

२२ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग. लाल दिवा लागला आणि ‘अंतःप्रद्रव्यजालिके’वर जीभ अडकली. पुन्हा. पुन्हा. खोलीत पंखा नव्हता, त्याचा परिणाम. दहा मिनिटं संपली तेव्हा प्रोटीन जालिकेतच होतं. एकही पुटिका निघाली नव्हती. मॅडमनी काचेपलीकडून हात वर केला. मग मी सगळी सोपी उदाहरणं गाळली आणि दुसऱ्या खेपेला बरोबर बसवलं. मॅडमनी डोळे मिटून कपाळ दाबलं. भारावल्या असाव्यात.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज प्रसारण. ताडकळसची कडूबाई बाजाराला आली होती, तिनं सांगितलं, दादा पारावर रेडिओ ठेवून माणसं जमवायलेत. भगवानरावसुद्धा येणार. हे दादांचे चुलतभाऊ. बांधावरून दोघांचा कोर्टात दावा चालू, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. माझ्यासाठी एका रेडिओपुढं बसणार!
ऐकलं. आवाज भारदस्त. रुख्मिणी मध्येच भाकरी टाकायला उठली.

१ मार्च
दादा आले. सोबत भगवानराव. एकाच एसटीनं, एकाच सीटवर. मी रिसेप्टरवरच्या प्रश्नांची तयारी करून बसलो. दादांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला.
“रंगनाथ, पेशी पेशी लय म्हणलास बाबा. तारीख एकदाबी सांगितली न्हाईस.”
आधी कळेना. मग कळलं. आमच्याकडं पेशी म्हणजे कोर्टातली सुनावणी. निरोप पोचला तो असा, की पोरगा रेडिओवर पेशीच्या वाहतुकीचं सांगणार. दोघांना वाटलं, दाव्याची तारीख लागली, कोर्टाला जायची गाडी सांगणार. दोघंही कान लावून बसले. भाषण संपलं तरी पारावर कुणी हलेना. भगवानरावांनी दादांकडं बघितलं, विचारलं, तुला काही कळलं का. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले. दादा म्हणाले, न्हाई. मग दोघं हसले म्हणे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आपला वकीलबी असाच बोलतो, भगवानराव म्हणाले. चहा पिता पिता दावा मागं घ्यायचं ठरलं. बांध दोघांनी मिळून घालायचा.
इतकं होऊनही प्रथिनांबद्दल एक प्रश्न नाही. मी चिडलो. कोर्टाची नव्हे, शरीरातली पेशी, म्हणून समजावलं. तरी कळेना तेव्हा म्हटलं, दादा, पेशी म्हणजे इंग्रजीत सेल.
दादांनी भगवानरावांकडं बघितलं.
“सेल तर नवेच टाकले होते रेडिओत,” दादा म्हणाले.